मृत्यूची वेळ मला विचारण्याआधी : तपासी अंमलदारांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या पोलीस ठाण्यांचे तपासी अंमलदार
(आणि त्यांच्याही आधी जागेवर पोचणारे पोलीस पाटील)

विषय : मयताच्या मृत्यूची वेळ.
संदर्भ : आपलं नेहमीचं क्वेरी लेटर.

महोदय,

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी २८ वर्षं पीएम, म्हणजे शवविच्छेदनं केली. निवृत्त झालो त्या आठवड्यातही टेबलावर एक क्वेरी लेटर पडलेलं होतं. मजकूर पाठ झालेला : "मयताचा मृत्यू दि. अमुक रोजी रात्री १० ते ११ चे दरम्यान झाला असणे शक्य आहे अगर कसे, याबाबत आपला अभिप्राय मिळणेस विनंती आहे."

हे १० ते ११ कुठून आलं, हे तुम्हालाही ठाऊक असतं आणि मलाही. कुणीतरी संशयिताला दहाच्या सुमारास टपरीवर पाहिलेलं असतं, किंवा सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींत, त्याचा फोन त्या टॉवरखाली सापडलेला असतो. गोष्ट जुळत आलेली असते, फक्त डॉक्टरच्या सहीची जागा रिकामी असते. माझ्या अंदाजाने मृत्यू दुपारी चार ते मध्यरात्री दोनच्या मधला असतो. १० ते ११ त्यात बसतं, म्हणून मी "शक्य आहे" लिहितो. चार्जशीटमध्ये वाचायला मिळतं, "वैद्यकीय अधिकारी यांचे अभिप्रायावरून मृत्यू १० ते ११ चे दरम्यान झाल्याचे निष्पन्न." मयत सात वाजता मेला असणंही तितकंच शक्य आहे असं मी म्हटलं असतं, पण तसं कुणी विचारलेलं नसतं.

तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. तुमच्याकडे एका ठाण्याला किती एडी (अकस्मात मृत्यूची प्रकरणं), किती बंदोबस्त आणि किती माणसं, हे मी पाहिलंय. सांगायचंय ते एवढंच, की मृत्यूची वेळ पीएमच्या टेबलावर ठरत नाही. ती ठरते जागेवर, पहिल्या तास-दोन तासांत, आणि त्या वेळी तिथे मी नसतो, तुम्ही असता.

तुमचा इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा घ्या. पूर्वी तो सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) १७४ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) १९४ खाली होतो. कलम बदललं, पण पंचनाम्याची भाषा तीच राहिली. प्रेत उताणे, डोके उत्तरेस, पाय दक्षिणेस. अंगात फिकट निळ्या रंगाचा फुल बाह्यांचा शर्ट, त्यास पांढरी बटणे, पैकी वरून दुसरे तुटलेले. उजव्या मनगटात लाल दोरा. मी हे पंचनामे आवडीने वाचत आलोय, कारण बटणापर्यंत बघणारा माणूस बारकाईने बघणारा असतो. पण तो पंखा चालू होता की बंद, हे लिहीत नाही. खिडकी उघडी होती का, प्रेतावर ऊन कधीपासून होतं, खाली ओली जमीन होती की गादी, अंगावरची गोधडी कुणी आधीच काढली का, यातलं काही नसतं. तापमान तर मी २८ वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलं असेल. डोकं उत्तरेला होतं, याचा मला आजवर एकदाही उपयोग झालेला नाही.

प्रेत ताशी दीड डिग्री फॅरनहाइटने थंड होतं, असं आम्हाला शिकवलं गेलं. ते आकडे थंड देशांतले. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच वेगाने होतं, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत, पत्र्याखाली, ३७ अंशांचं शरीर थंड होतच नाही, उलट तापतं. तोच माणूस निफाडच्या जानेवारीत रात्री शेतात मेला, तर भराभर गार पडेल. शिवाय पहिले काही तास शरीराचं आतलं तापमान जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे सरळ भागाकार करून तास काढणं तिथेही चुकतं. जर्मनीच्या क्लाउस हेन्सगे यांनी १९८८ साली यासाठी एक आलेख नीट बसवून दिला. गुदद्वारातलं तापमान, खोलीचं तापमान, वजन आणि कपडे एवढं दिलं की तो वेळ सांगतो. सगळं मनासारखं असेल तर चूक अधिक-उणे २.८ तास, म्हणजे साडेपाच तासांचा पट्टा. हा जगातल्या चांगल्यात चांगल्या पद्धतींपैकी एकीचा निकाल, आणि त्यालाही जागेवरचं तापमान लागतंच. खोली आणि शरीर सारखंच तापलेलं असेल तर तोही गप्प बसतो.

आता ताठरता. एमबीबीएसला बारा-बारा-बारा शिकवतात : रायगर, म्हणजे हीच ताठरता, यायला बारा तास, राहायला बारा, जायला बारा. परीक्षेपुरतं ठीक आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे ती एकूण १८ ते ३६ तासांत येऊन जाते, हिवाळ्यात २४ ते ४८. मरण्याआधी माणूस धावला असेल, झटापट झाली असेल, अंगात ताप असेल, शॉक लागला असेल, तर लवकर येते. आणि एक गोष्ट तुमच्या माणसांकडून रोज होते. हात वर अडकलेला असतो, स्ट्रेचरवर मावत नाही, म्हणून हवालदार तो जोर लावून खाली दाबतो. ताठरता पूर्ण आलेली असताना अशी मोडली की परत येत नाही. सकाळी माझ्यापुढे डावा हात लाकडासारखा आणि उजवा लुळा. मी काय समजायचं? हात वाकडा दिसला तर आधी फोटो काढा, आणि कितीला मोडला ते लिहा. मोडू नका असं मी म्हणत नाही, जीपमध्ये न्यायचंच असतं.

मी स्वतः कुठे तोंडावर पडलो तेही सांगतो, नाहीतर हा शहाणा कोण, असं वाटेल. नोकरीचं तिसरं वर्ष होतं, डिसेंबर. बॉडी संध्याकाळी आली, पीएम दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या काळी अंधार पडल्यावर पीएम करायचंच नाही अशी रीत. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये सोय असेल तिथे सूर्यास्तानंतर परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत आणि घातपाताचा संशय यांना त्यातून वगळलंच आहे. म्हणजे ज्या प्रकरणांत वेळेचा प्रश्न येतो, ती बहुतेक आजही रात्रभर फ्रीजमध्ये थांबतात. तर सकाळी पाहतो तो रायगर पूर्ण. मी झोकात लिहिलं, मृत्यू १२ ते १८ तासांपूर्वी. चार वर्षांनी साक्षीला उभा राहिलो. बचावाच्या वकिलांनी सावकाश विचारलं, "डॉक्टर, बॉडी फ्रीजमध्ये किती वाजता ठेवली?" रजिस्टरला नुसतं "सायं." लिहिलेलं. "फ्रीजमध्ये ताठरता टिकून राहते ना?" राहते. "मग तुमचे १८ तास ३६ असू शकतात?" असू शकतात. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. निकाल काय लागला हे मी मुद्दाम विचारलं नाही. घरी येऊन जेवलोही नाही. चूक माझी, पण तो एक आकडा, बॉडी फ्रीजमध्ये गेल्याची वेळ, आमच्या रजिस्टरला नव्हता आणि तुमच्या स्टेशन डायरीलाही नव्हता.

कुजण्याबद्दल तर गावात प्रत्येकाला सगळं माहीत असतं. एका मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये एकटा राहणारा म्हातारा सापडला. फुगलेला, रंग काळपट हिरवा, शिरांचं जाळं अंगभर उमटलेलं, तोंडात अळ्या. गर्दीचं एकमत, "तीन-चार दिसाचं हाय, साहेब." तुमच्या पीएसआयनेही तेच लिहिलं. नशिबाने शेजारच्या पोराने सांगितलं की काल सकाळी त्याला चहा याच बाबाने दिला होता. म्हणजे फार तर ३२ तास. त्या पोराने तोंड उघडलं नसतं, तर "चार दिवस" या शब्दावर तुम्ही चार दिवसांपूर्वी कोण कुठे होतं ते शोधत बसला असता.

कुजायला ऊब लागते, २१ ते ३८ अंशांची उत्तम, आणि ओल लागते. उन्हाळ्यात ओटीपोटाच्या उजव्या बाजूला हिरवा डाग बारा-अठरा तासांत दिसतो, थंडीत दीड-दोन दिवस घेतो. जाड माणूस लवकर कुजतो, जंतुसंसर्गाने मेलेला त्याहून लवकर, उघड्या जखमांचा आणखी लवकर. कोकणातल्या दमट हवेत आणि सोलापूरकडच्या कोरड्या वाऱ्यात एकाच दिवशी मेलेली दोन प्रेतं आठवड्याने ओळखू येणार नाहीत, एक गळून गेलेलं, दुसरं वाळून चामडं झालेलं. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या कास्परने एक हिशोब मांडला : हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन आणि जमिनीखालचे आठ. ढोबळच आहे, पण विहिरीतून काढलेल्या बॉडीकडे बघताना तो आठवा. खोल विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही गार असतं, तिथे कुजणं रेंगाळतं. मात्र वर काढून काठावर उन्हात ठेवली, पंच मिळेपर्यंत तीन तास गेले, की तेच प्रेत तुमच्या डोळ्यांदेखत बदलतं. माझ्यापर्यंत येतं तेव्हा मला विहीर दिसतच नाही, काठावरचे तीन तास दिसतात.

या विषयातली सगळ्यात मोठी चूक एका मोठ्या माणसाची आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात फ्रँकलिन गावी डिसेंबर १९७७ मध्ये एक जुनी कबर उकरलेली सापडली, आत मुंडकं नसलेलं, मांस अजून गुलाबीसर असलेलं शरीर. मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी ते पाहून मृत्यू वर्षभराच्या आतला ठरवला. निघाला कर्नल विल्यम शाय, यादवी युद्धात डिसेंबर १८६४ मध्ये मेलेला. कुजू नये म्हणून औषध भरलेलं शरीर, ओतीव लोखंडाची हवाबंद पेटी. चूक ११३ वर्षांची. बास यांनी ती लपवली नाही, आयुष्यभर सांगत राहिले. थोड्याच वर्षांत त्यांनी नॉक्सव्हिलला दान केलेली प्रेतं उघड्यावर ठेवून ती कशी कुजतात ते रोज टिपण्याचं मैदान सुरू केलं. सगळं जग आता त्याला बॉडी फार्म म्हणतं. तिथून आणि तशा अभ्यासांतून एक गोष्ट पक्की झाली, की दिवस मोजण्यापेक्षा ऊब मोजावी. रोजचं सरासरी तापमान बेरीज करत जायचं. ३५ अंशांचे १० दिवस आणि १७.५ अंशांचे २० दिवस, बेरीज दोन्हीकडे ३५०, कुजणंही साधारण सारखं. शेतकी खात्यातला माणूस हे ऐकून हसेल, कारण किडीचा प्रादुर्भाव कधी होणार हे तो असंच काढतो.

म्हणून हवामानाचे आकडे जोडा. आपल्याकडे महसूल मंडळांत महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पीकविम्याला त्यांचे आकडे चालतात, प्रेताला का चालू नयेत? फोनवरचं तापमान मात्र लिहू नका. तो तालुक्याच्या गावाचं सांगतो, पत्र्याखालचं नाही.

अळ्यांबद्दल "प्रेतास किडे पडलेले आहेत" एवढ्यावर थांबू नका, कारण दोन-तीन दिवसांनंतर माझ्याकडे त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नसतो. निळी-हिरवी चकाकती माशी दिवसाउजेडी काही मिनिटांत येते, नाक-डोळे-तोंड-जखम बघून अंडी घालते. अंडं, अळीच्या तीन अवस्था, मग कोष, आणि प्रत्येकाला किती ऊब लागते ते ठरलेलं. पण ती रात्री सहसा येत नाही, मुसळधार पावसात येत नाही, बंद खोलीत किंवा पोत्यात बांधलेल्या प्रेतापर्यंत उशिरा पोचते. म्हणजे अळीचं वय हा मृत्यूचा कमीत कमी काळ, त्याच्या आधी किती हे वेगळं. करडी पट्ट्यांची मांसमाशी तर अंडी न घालता थेट अळ्याच टाकते. ती न ओळखता हिशोब केला, तर अंड्याचा काळ फुकटचा धरला जातो. आणि आपल्याकडे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, आणखी एक भानगड आहे. मॅलॅथिऑन पिऊन मेलेल्या माणसाचं प्रकरण १९८९ साली हवाईमधून नोंदलं गेलंय. त्या प्रेतावर माश्या नेहमीपेक्षा उशिरा वसल्या होत्या. फवारणीचं औषध पिऊन मेलेलं प्रेत तुमच्यापैकी कुणी पाहिलं नाही? तिथे अळी लहान दिसली म्हणून मृत्यू अलीकडचा धरू नका, आणि शेजारी पडलेल्या डब्याचं लेबल पंचनाम्यात उतरवून घ्या.

आता जेवण. "शेवटच्या जेवणानंतर २ ते ४ तासांत मृत्यू" हे वाक्य आमचेच लोक डोळे मिटून लिहितात. पोटात पिठलं-भाकरी सापडली तर काय खाल्लं ते कळतं. कधी खाल्लं ते पोट फारसं सांगत नाही, कारण भीती, मार, दारू आणि दुखापत यांनी पचन तासन्‌तास थांबतं. यापायी कॅनडात एक मुलगा फाशीच्या दारापर्यंत गेला होता. ९ जून १९५९, ओंटारिओतलं क्लिंटन. बारा वर्षांची लिन हार्पर संध्याकाळी नाहीशी झाली, दोन दिवसांनी झाडीत प्रेत सापडलं. तिला सायकलवरून सोडणारा १४ वर्षांचा स्टीव्हन ट्रस्कॉट म्हणाला, मी तिला हायवेवर जिवंत सोडलं. पॅथॉलॉजिस्टने पोटातलं अन्न बघून मृत्यूची वेळ दिली सव्वासात ते पावणेआठ. बरोबर तेवढ्याच वेळात ती या मुलाबरोबर होती, आठच्या सुमाराला तो शाळेच्या मैदानावर परतला होता. अर्धा तास, तोही दोन दिवस जूनच्या उन्हात पडलेल्या शरीरावरून! फाशीची शिक्षा झाली, पुढे जन्मठेप झाली, १९६९ साली पॅरोल मिळाला, आणि ओंटारिओच्या अपील कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं ते २८ ऑगस्ट २००७ ला. तोवर तो बासष्टीचा म्हातारा. गंमत म्हणा की आणखी काही, अळ्या १९५९ सालीच गोळा केलेल्या होत्या. जवळपास पन्नास वर्षांनी कीटकतज्ज्ञांनी त्या जुन्या नोंदींवर साक्षी दिल्या, आणि त्यांचंही एकमत झालं नाही. तुमची नोंदवही उद्या कोण आणि कधी वाचेल, सांगता येत नाही.

तर मागणं असं आहे. जागेवर पोचल्याची वेळ मिनिटांत लिहा. प्रेताजवळ, त्याच उंचीवर, सावलीत थर्मामीटर दहा मिनिटं ठेवून आकडा घ्या. तासाभराने पुन्हा घेता आला तर उत्तमच. पंखा, एसी, दार-खिडकी जशी सापडली तशी लिहा, बंद करण्याआधी. बॉडी उचलली कधी आणि फ्रीजमध्ये ठेवली कधी, या दोन वेळा आमच्या रजिस्टरवर तुमच्या सहीने आल्या तर मी किंवा माझ्या जागी आलेली पोर साक्षीला ताठ उभी राहील. शरीराचं तापमान जागेवर घ्यायचं ते डॉक्टरला बोलावून. अत्याचाराचा जरा जरी संशय असेल तर स्वॅब घेईपर्यंत कुणीही गुदद्वाराला हात लावायचा नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर यावं असं बीएनएसएसच्या १७६ (३) ने म्हटलंच आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलीय. ते येतील तेव्हा येतील. पोलीस पाटील आजही अर्ध्या तासात पोचतो. त्यांनी फक्त गर्दी मागे ठेवली, कुणाला पांघरूण घालू दिलं नाही आणि घड्याळ पाहिलं, तरी पुष्कळ.

आणि क्वेरी लेटरचा मसुदा बदला. "१० ते ११ शक्य आहे अगर कसे" असं विचारू नका. "सोबतच्या नोंदींवरून मृत्यू लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी झालेला असू शकतो" असं विचारा. संशयिताची वेळ मला कळवूच नका. कळली की पेन तिकडे झुकतं, माझंही झुकलेलं आहे.

थर्मामीटर स्वस्तात मिळतो. काचेचा घेऊ नका, जीपमध्ये फुटतो. धातूच्या सळीचा, स्वयंपाकाचा मिळतो तोही चालेल, फक्त महिन्यातून एकदा बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी

ता. क. : अळ्या घेताना सगळ्यात मोठ्या घ्या, आणि प्रेताखालची चार बोटं मातीही घ्या, कोष तिथे असतात. निम्म्या अळ्या कडकडीत पाण्यात टाकून मग स्पिरिटमध्ये, निम्म्या जिवंत, भोकं पाडलेल्या डबीत. डबी आणि स्पिरिट सरकारी दवाखान्यात मागा, नाही म्हणणार नाहीत. मागच्या वेळी एकाने अळ्या दारूच्या क्वार्टरमध्ये आणल्या होत्या. चालल्या, पण बाटली कुणाची हे पंचनाम्यात लिहावं लागलं.